भाव पाहिला, पण गिऱ्हाईक कुठंय?

सोयाबीनला भाव नाही, कापूस बोंडअळीनं खाल्ला, तेव्हा मराठवाड्यात गांजाचे परवाने द्या, एकरी लाखांत खेळू, असं वर एका भाऊंनी लिहिलंय. भाऊ, तुमचा हिशोब चोरट्या बाजारातल्या भावावर चाललाय. तो भाव आहेच मुळी बंदीमुळं! कॅनडानं २०१८ ला बंदी उठवली. कंपन्यांनी मोठमोठी हरितगृहं उभारली, माल पडून राहिला अन् दर कोसळले. तुरीचं आपण वेगळं काय बघतो?

तुरीच्या तासात चार झाडं दडवणाऱ्यांबद्दल एवढंच: १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, वर लाखापर्यंत दंड. अन् पोलीस सातबारा बघूनच दारात येतात.

बोलायचंच तर हेंपचं बोला, म्हणजे गांजाच्याच जातीतलं, पण नशा जवळपास नसलेलं झाड. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये वाख (सालीचा धागा) आणि बियांसाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडानं ती वाट काढली, पण टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, ०.३ टक्क्यांच्या आत हवं. पण खरी मेख पुढंच आहे. आपले जुने लोक अंबाडी कापून पेंढ्या बांधायचे, डोहात दगडाखाली दाबून कुजवायचे, मग साल सोलून वाख काढायचे. हेंपच्या वाखालाही कुजवणं आलंच. डोहाला पाणी कुठंय? बी खायला २०२१ पासून मान्यता आहे, पण ते घेणारा व्यापारी लातूरच्या आडतीत मला तरी दिसला नाही. आधी कुणी लेखी खरेदी करार दाखवा, मग बियाण्याचं बघू.