मदत हवी आहे: समोरासमोर दोन चेहरे असलेलं रोमन नाणं कोणत्या शहराचं?

प्रश्न (मोडीलिपी)

काशाचं नाणं आहे. व्यास २७ मिमी, वजन ११.८ ग्रॅम. दर्शनी बाजूला पानांचा मुकुट घातलेला दाढीवाला पुरुष आणि त्याच्यासमोर एक स्त्री. काठावर '…डब्ल्यू एन आय एन ओ सी' एवढंच वाचता येतं. मागे उभी स्त्री, एका हातात ताटली, दुसऱ्यात शिंग. तिच्या भोवती 'वाय', मग दाराच्या चौकटीसारखं अक्षर, 'के वाय एन टी', पुढे झिजलंय, मग 'एम ए पी के आय'. मोकळ्या जागेत गोलसर 'ई'. आरआयसीत (रोमन साम्राज्याच्या नाण्यांची सूची) सम्राट अँटोनायनस पायसचा भाग पूर्ण चाळला, काही जुळत नाही. दोन्ही बाजूंना मधोमध बारीक खळगा आहे, तो लॉकेटसाठी पाडलेला असेल का?

प्रतिसाद (ताम्रपट)

आरआयसीत मिळणारच नाही. तिथे साम्राज्याची अधिकृत नाणी आहेत, शहरांनी पाडलेली नाहीत. त्यासाठी आरपीसी (रोमन प्रांतांतल्या नाण्यांची सूची) बघा, ऑनलाइन फुकट आहे.

अक्षरं ग्रीक आहेत, इंग्रजी समजून वाचू नका. 'पी' म्हणजे रो, उच्चार र. 'सी' म्हणजे सिग्मा, स. 'डब्ल्यू' म्हणजे ओमेगा, दीर्घ ओ. तुमचं 'एम ए पी के आय' झालं 'मार्कि…'. पूर्ण शब्द मार्कियानोपोलितोन, 'मार्कियानोपोलिसकरांचं'. शेपूट पायाखालच्या पट्ट्यात असतं, तिथे तिरपा उजेड टाकून पाहा. हे शहर खालच्या मोएशिया प्रांतात, आजच्या बल्गेरियातल्या देवन्याजवळ. ट्राजनने बहीण मार्कियाना हिचं नाव त्याला दिलं.

'ई' हा वर्षाचा आकडा नाही. ग्रीकमध्ये ते अक्षर म्हणजे ५, इथे पाच असारियांचं (असारिया म्हणजे छोटं नाणं) मूल्य. जोडमुखी छाप आणि ही खूण एकत्र दिसली की मार्कियानोपोलिस आधी तपासायचं.

आता खरी अडचण सम्राटाची. तुमचं '…डब्ल्यू एन आय एन ओ सी' म्हणजे '…ओनिनोस', पूर्ण नाव 'अँटोनिनोस'. ते कॅराकल्लाही लिहितो आणि एलागाबालसही. चेहऱ्यावर विसंबू नका, झिजलेल्या नाण्यावर ज्युलिया डोम्ना आणि एलागाबालसची आजी ज्युलिया मायसा सहज एकमेकींसारख्या दिसतात. राज्यपालाचं नाव वाचा. 'वाय' आणि चौकट (ग्रीक अक्षर 'पाय', उच्चार प) मिळून 'इप', म्हणजे 'अमुकच्या कारकिर्दीत'. पुढे 'के वाय एन टी' म्हणजे क्विंटिलियानस, म्हणून कॅराकल्ला आणि त्याची आई ज्युलिया डोम्ना. तिथे सेल्यूकस असता तर एलागाबालस, पोंटियानस असता तर माक्रिनस.

प्रतिसाद (गंजखाते)

खळग्याची काळजी नको. चकती तयार करताना मधोमध टेकवलेल्या टोकाची ती खूण, या भागातल्या नाण्यांवर नेहमी दिसते. उलट ती असणं मला आश्वासक वाटतं, पण तेवढ्यावर अस्सल ठरत नाही. भिंगातून कड पाहा. भोवती सलग सांधा किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक गोल खड्डे दिसले तर ओतलेली नक्कल. ११.८ ग्रॅम ठीक आहे, या आकारात १० ते १४ ग्रॅम चालतं.

मोडीलिपी

पायाखाली 'पी ओ एल'सारखं दिसतंय, पण पहिलं अक्षर चौकटच आहे. कडेला सांधा नाही. अक्षरं साफ करायला चिंच वापरू का? दोन ठिकाणी फिकट हिरवी भुकटी आहे.

गंजखाते

चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांतलं काहीही नको. अक्षरांच्या कडा त्या काळपट थरातच टिकून आहेत, तो गेला की उरलेला लेखही जाईल. भुकटी मात्र गंभीर आहे. धातूतले क्लोराइड दमट हवेत जागे होतात आणि नाणं पोखरत जातं. दातकोरणीने भुकटी टोकरून काढा, नाणं डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, काही आठवडे. मग पूर्ण वाळवून सिलिका जेलसोबत बंद डबीत. महिन्याभराने पाहा, पुन्हा भुकटी आली तर तेच परत.

ताम्रपट

देवतेचं राहिलं. ताटली आणि समृद्धीचं शिंग असेल तर होमोनोइया, म्हणजे एकोप्याची देवी. ताटली वाटते ती सुकाणूची मूठ निघाली तर टीखे, म्हणजे दैवाची देवी. हात खाली जमिनीकडे जातोय का बघा. आरपीसीत ५वा खंड, शहर मार्कियानोपोलिस, सम्राट कॅराकल्ला असं गाळून घ्या आणि मागच्या बाजूवरच्या अक्षरांची ओळ कुठे तुटते ते ताडून पाहा. ठशांमधला फरक तिथेच सापडतो.