मोपा ते जळगाव: विमानाने अंतर किती, वेळ किती?

फोंडेकरीण: नमस्कार मंडळी, मे महिन्यात सासूबाईंना घेऊन जळगावला लग्नाला जायचंय. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून थेट विमान असतं म्हणे. एका साइटवर अंतर ३३० दाखवतंय, दुसरीकडे सहाशेच्या वर, नक्की किती? आणि वेळ? सासूबाईंचे गुडघे दुखतात. बजेट माणशी साडेतीन हजार, वर एक रुपया नको.

म्हापशेकर_भाऊ: मुंबईपर्यंत विमान, रात्री चांगलं हॉटेल, सकाळी एसी फर्स्टनं जळगाव. आम्ही असंच गेलो, माणशी दहाएक हजार गेले पण थाट बघायचा!

सासष्टीकार: मोपा कसलं गोव्याचं विमानतळ, पेडण्याच्या टोकाला! आमचं दाबोळी काय वाईट होतं? मडगावातून मोपाला टॅक्सी केली तर विमानाच्या तिकिटाएवढे होतात.

पेडणेकर७: २०२३ पासून हेच रडगाणं. कदंबाची सरकारी बस आहे ना मोपाला, पणजीहून पण आणि मडगावहून पण, त्यात बस की. दाबोळी नौदलाचं, तिथे सकाळी नागरी विमानांना वेळच कमी मिळायचा.

नकाशेबाज: ताई, ३३० हे नॉटिकल मैल. एक म्हणजे १.८५२ किमी, गुणून बघ, ६१० च्या आसपास येतं. दुसऱ्या वाटेने पण ताळा घे, मोपा १५.७ अक्षांशावर, जळगाव जवळपास २१ वर, म्हणजे उत्तरेलाच ५८० किमी, पूर्वेला जेमतेम १८५. रस्त्याने पुण्यावरून गेलीस तर आठशेच्या वर.

खानदेशी_जावई: म्हणजे पाऊण तासात पोचणार. जेट आठशेच्या स्पीडनं जातं.

नकाशेबाज: जेट नाही ओ, फ्लाय ९१ कंपनीचं एटीआर आहे, पंख्याचं. ताशी पाचशेच्या आसपास जातं, त्यात धावपट्टीवरचं फिरणं, चढणं-उतरणं आलं, दीड ते पावणेदोन तास धर. रोज नसतं, वार बघूनच तारीख ठरव.

म्हापशेकर_भाऊ: मी म्हटलं तेच, मुंबईवरून जा.

वाळपयची_माई: एटीआरला मागच्या दारानं चढायचं असतं, पायऱ्या थोड्याच असतात पण गुडघेवाल्यांना तेवढ्याही जड. बुकिंग करतानाच व्हीलचेअर सांग, काउंटरवर गेल्यावर नको, आमच्या वेळी तासभर कोणी आलंच नाही. आणि हे विमान २५ हजार फुटांच्या वर जात नाही, मेच्या दुपारी हादरे बसतात. सकाळचं मिळालं तर घे.

खानदेशी_जावई: जेवायला शेवभाजी सोडू नका. बाकी विमानच घ्या, दुसरं काही बघूच नका.

सासष्टीकार: आणि दाबोळीवरून का नाही?

फोंडेकरीण: सगळ्यांचे आभार, नकाशेबाज दादांचे जास्त. पण सासूबाईंना मानकुराद आंब्यांच्या दोन पेट्या न्यायच्यात, विमानाला पंधरा किलोच्या वर पैसे पडतात, आणि मोपाची टॅक्सी धरून बजेट केव्हाच फुटलं. गोवा एक्सप्रेसची लोअर बर्थ काढली, मडगावहून दुपारी बसायचं, पुणे-मनमाड करत दुसऱ्या दिवशी भुसावळ. तिथून जळगाव जवळच, भाऊजी न्यायला येतील.

वाळपयची_माई: गुडघ्यांना ट्रेनचा डबा चढणं सोपं वाटलं काय तुला??

फोंडेकरीण: त्यांनाच विचारलं माई, त्या म्हणाल्या आंबे आधी.

पेडणेकर७: मानकुराद डझन कितीला मिळाले?