मदत हवी आहे: आईचा गुडघा फक्त आतल्या बाजूने झिजलाय, अर्धा बदलायचा की पूर्ण?

नमस्कार मंडळी,

आई ६४ वर्षांची, मिरजेला असते, मी पुण्यात. उजवा गुडघा बरीच वर्षं कुरकुरतोय पण दिवाळीनंतर फारच वाढलंय, जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी, खाली मांडी घालून बसणं तर कधीच सुटलं, आणि हल्ली चालताना पाय चांगलाच फेंगडा दिसायला लागलाय. वजन ७८, शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, मागच्या वेळी एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ८.१ आलं होतं.

आधी झोपवून काढलेल्या एक्सरेत दोन हाडांमधली गॅप बरी दिसत होती, पण आता उभं करून काढला तर आतल्या बाजूची गॅप जवळजवळ गेलेली आणि हाडाला टोकं फुटलेली, बाहेरची बाजू मात्र चांगली आहे. रिपोर्टवर झिजेची ग्रेड ३ लिहिलंय (४ म्हणजे सगळ्यात जास्त). गंमत म्हणजे (गंमत कसली) डाव्या गुडघ्याचा एक्सरेही जवळपास तसाच आहे आणि तो आईला अजिबात दुखत नाही!

आता घोळ असा की एक डॉक्टर म्हणाले दोन्ही गुडघे एकदम पूर्ण बदलून टाका, परत परत भूल कशाला, रोबोटने करू, पॅकेज आहे. दुसरे म्हणाले फक्त उजवा, तोही अर्धाच म्हणजे पार्शियल, लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे) धड असेल तर, आणि आधी शुगर खाली आणा. मामा म्हणतोय दुर्बिणीतून साफ करून घ्या, मावशीच्या ओळखीत कोणीतरी पीआरपीची (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सची) इंजेक्शनं घेतली आणि "गादी परत भरली" म्हणे.

मी वाचलं त्यावरून इतकं कळलं की गादीला म्हणजे कार्टिलेजला रक्तवाहिन्या नसतात त्यामुळे ती नीटशी भरून येत नाही, आणि दुखणं जाणवून देणाऱ्या नर्व्हही नसतात त्यामुळे दुखतं ते गादीचं नाही, खालचं हाड, सांध्याचं आवरण वगैरेचं. मग एक्सरे तितकाच वाईट असून डावा का दुखत नाही ते थोडं समजतं. पण मग ऑपरेशन ठरवायचं कशावरून, एक्सरेवरून की दुखण्यावरून? आणि अर्ध्यावर भागवलं आणि पाचसात वर्षांत परत टेबलावर जावं लागलं तर काय? ज्यांनी घरात हे केलंय त्यांनी प्लीज लिहा, आई रोज विचारते काय ठरलं म्हणून.

प्रतिसाद

ताई, मी फिजिओ आहे, सर्जन नाही, तेवढं धरून वाचा. न दुखणारा गुडघा नुसत्या एक्सरेवरून बदलत नाहीत, त्यामुळे डाव्याचा विषय सध्या बाजूला ठेवा. उजव्याचंही हे इमर्जन्सी नाही, दोनतीन महिने थांबल्याने काही बिघडत नाही.

पार्शियलसाठी पुढचं लिगामेंट म्हणजे एसीएल शाबूत हवं, वाकडेपणा हाताने दाबून सरळ होणारा हवा, गुडघा जवळजवळ पूर्ण सरळ व्हायला हवा आणि आमवात नको. यासाठी स्ट्रेस एक्सरे (गुडघा बाजूने दाबून धरून काढतात तो) आणि कमरेपासून घोट्यापर्यंतचा उभा एक्सरे काढतात, तो काढलाय का ते लिहिलं नाहीत. परत ऑपरेशनची भीती रास्त आहे, २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात मोठा आढावा आला होता, त्यात २५ वर्षांनी पूर्ण बदललेले सुमारे ८२ टक्के टिकले आणि अर्धे बदललेले सुमारे ७० टक्के. पण अर्ध्यात स्वतःची लिगामेंट राहतात, रिकव्हरी लवकर होते आणि गुडघा आपलाच वाटतो असं पेशंट सांगतात. ६४ ला माझं मत पार्शियलकडे, बसत असेल तरच.

दुर्बीण विसरा. अमेरिकेत ह्यूस्टनला १८० जणांवर ट्रायल झाली होती, २००२ साली छापून आली, काहींना नुसते वरवर काप देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही, आणि दुखणं सगळ्यांचं सारखंच राहिलं. पीआरपीचंही ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर बघितलं (२०२१), सलाइनच्या पाण्यापेक्षा वर्षभरात ना दुखणं जास्त कमी झालं ना गादी वाचली. स्टिरॉइडचं इंजेक्शन कोणी देऊ केलं तर ऑपरेशनच्या आधीचे तीन महिने नकोच, इन्फेक्शनचा धोका वाढतो.

तोपर्यंत मांडीचे व्यायाम रोज करून घ्या, पाय सरळ ठेवून गुडघा खाली दाबायचा तो सगळ्यात सोपा. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने कमी होतो. आणि ८.१ वर घाई करणाऱ्यापेक्षा थांबा म्हणणारे डॉक्टर मला बरे वाटतात.

प्रतिसाद

पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून. ऑगस्ट २०१७ पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला सरकारी कमाल मर्यादा आहे, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट क्रोम धातूच्या इम्प्लांटला ५४,७२० रुपये आणि टायटॅनियमवाल्याला ७६,६०० ठरली होती, वर जीएसटी, नंतर आकडे बदललेत ते बघून घ्या. पॅकेजमध्ये इम्प्लांट वेगळा लिहून मागा, बिलाला त्याचं स्टिकर लावून घ्या. रोबोटचे पैसे वेगळे लागतात आणि पॉलिसीत बसतात का ते आधीच विचारा. आमच्याकडे वडिलांच्या वेळी शेवटच्या दिवशी कळलं, नुसती धावपळ.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. लांब एक्सरे काढलेला नाही, स्ट्रेस वगैरे तर कोणी बोललंच नाही, ते दोन्ही काढून दुसऱ्या डॉक्टरांकडेच परत जाते. आईला डाव्याचं सांगितलं तर म्हणाली मी तेच म्हणत होते. आता एकच, मिरजेचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संडासही भारतीय पद्धतीचा. पार्शियलनंतर जिना किती दिवसांनी चढू देतात, आणि कमोड आधीच बसवून घ्यावा का?