मदत हवी आहे: भाचा बारावीला, प्रिलिमचा पेपर आदल्या रात्री मिळतोय आणि तो मला विचारतोय, 'यात पाप काय?'

वडगावशेरीची_मावशी

माझा भाचा पुण्यात बारावी सायन्सला आहे. कॉलेज नावापुरतं, खरा दिवस क्लासमध्ये जातो. 'इंटिग्रेटेड' म्हणतात तो प्रकार. नाताळ संपला की प्रिलिम. क्लासच्या मुलांचा एक टेलिग्राम ग्रुप आहे, पैसे भरले की आत घेतात आणि आदल्या रात्री पेपर येतो. सहामाहीला केमिस्ट्रीत त्याला 70 पैकी 19 पडले. घरी त्याने 41 सांगितलेत.

हे त्याने मला सांगितलं, आईला नाही. मी चर्चमध्ये संडे स्कूल घेते, तो माझ्याच वर्गात लहानाचा मोठा झाला. परवा कॅरलच्या सरावानंतर खुर्च्या रचता रचता म्हणाला, "मावशी, प्रिलिमचे मार्क बोर्डात धरत नाहीत, सीईटीत धरत नाहीत. मग मी पेपर बघितला तर कोणाचं काय गेलं? दहा आज्ञांत तरी कुठे आहे?" अजून पैसे भरलेले नाहीत म्हणतो, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे.

चोरी करू नको हे त्याला कळत नाही असं नाही. आज्ञा मीच पाठ करून घेतल्यात त्याच्याकडून. अडचण घरात आहे. पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, आजी मिशन हॉस्पिटलात नर्स, त्यामुळे शिक्षण म्हणजे आमच्याकडे इभ्रत. दाजींचं पालुपद असतं की आपण ख्रिस्ती, राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशामुळे आपल्याला अनुसूचित जातीची सवलत नाही, दुसरा दरवाजा नाही, मार्कच पाहिजेत. चर्चमध्ये वेगळंच. तरुण संघात कुणीतरी त्याला म्हणालं, पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, तुला केमिस्ट्री जड जाते? हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. त्याने नाही नेलं.

दोन गोष्टी विचारायच्यात. ताईला सांगू का? त्याने विश्वासाने सांगितलंय, सांगितलं तर परत तोंड उघडणार नाही. आणि त्याच्या प्रश्नाला काय उत्तर देऊ, जे त्याला आधीच पाठ नाही?

खडूफळा

वीस-बावीस वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतोय, म्हणून आधी व्यवहाराचं बोलतो.

प्रिलिमचे मार्क कुठेच धरत नाहीत हे त्याचं बरोबर आहे. नेमकं म्हणूनच पेपर फोडून लिहिण्यात अर्थ नाही. ताप किती आहे ते बघायचंय आणि थर्मामीटर आधी गार पाण्यात बुडवला, असं होतं ते. बोर्डाला अजून वेळ आहे. 70 पैकी 19 वाल्या मुलाला या दिवसांत कुठले धडे आधी धरायचे हे प्रिलिमच सांगते.

दाजींना हेही सांगा. आपल्याकडे इंजिनियरिंगचा प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतो. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून खुल्या गटाला 45 टक्के लागतात, मागासवर्गीयांना 40. एनआयटी, म्हणजे केंद्राचं इंजिनियरिंग कॉलेज, डोक्यात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे साधारण 75 टक्के धरून चालावं लागतं. आणि बारावीच्या केमिस्ट्रीत 30 मार्क प्रात्यक्षिकाचे असतात. जर्नल पूर्ण आहे का ते आजच बघा. अर्धी पोरं तिथेच घाबरलेली असतात आणि कुणाला सांगत नाहीत.

आणखी एक. आज प्रिलिमला पेपर फुटला म्हणून लिहिला, तर फेब्रुवारीत त्याच ग्रुपवर 'बोर्डाचा पेपर' म्हणून काहीबाही येईल. बहुतेक वेळा ती निव्वळ फसवणूक असते, पण मुलगा तोपर्यंत सवयीने पैसे भरतो. बोर्डात भरारी पथक असतं, बैठं पथक असतं आणि शिक्षासूचीत त्या विषयाची संपादणूक, म्हणजे मिळालेले मार्क, रद्द करण्यापासून पुढच्या परीक्षांना बसू न देण्यापर्यंत सगळं आहे. पण ही भीती त्याला आत्ता घालू नका, घरी तेवढी पुरेशी आहे.

येरवड्याची_आई

ताईला आजच्या आज सांगा! मी आई आहे, माझ्या मुलाने खोटे मार्क सांगितलेत आणि माझ्या बहिणीला ठाऊक आहे हे मला नंतर कळलं तर मी तुम्हाला आयुष्यभर माफ करणार नाही. मुलाचा विश्वास वगैरे ठीक आहे, पण 41 चा आकडा निकालाच्या दिवशी फुटणारच.

आणि तो जेवतो का, झोपतो का, ते विचारा आधी. थोडी जरी शंका आली तर 14416 वर फोन करा. टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीतही बोलतात.

तर्कट

यात ख्रिस्ती असण्याचा काय संबंध? कॉपी हिंदू मुलंही करतात, नास्तिकही करतात.

वडगावशेरीची_मावशी

@तर्कट, करतात ना. संबंध एवढाच की आमच्या पोराला दोन ठिकाणी नापास व्हायची भीती आहे. वर्गात त्याला 'तू काय बाबा, चर्चवाला' म्हणून चिडवतात आणि चर्चमध्ये खोटं बोलणाऱ्या मुलाला उभं राहायला जागा नाही असं त्याला वाटतं.

@येरवड्याची_आई, जेवतो. झोप कमी आहे, पण बारावीच्या कुठल्या घरात पुरी असते? नंबर लिहून ठेवलाय. बाकी तुम्ही रागावलात ते पटलं.

मेकॅनिकल_सेकंड_इयर

मावशी, मी दोन वर्षांपूर्वी याच जागी होतो. ग्रुप वेगळा, प्रकार तोच. आम्हीही ख्रिस्ती, खडकीचे.

एक विनंती आहे. 'प्रामाणिक राहा, देव बघून घेईल' असं भाच्याला सांगू नका. मी पेपर घेतला नाही. प्रिलिमला वर्गात खालून मोजण्यात होतो, घरी आठवडाभर कुणी धड बोललं नाही. ज्यांनी घेतला त्यातला एकही पकडला गेला नाही. एक जण आज माझ्यापेक्षा चांगल्या कॉलेजात आहे, आणि तो मुलगा वाईटही नाही, माझा मित्र आहे. बक्षिसाची गोष्ट सांगितली आणि बक्षीस मिळालं नाही की मुलगा देवालाच खोटं ठरवतो. मला फक्त माझे मार्क खरे किती आहेत ते कळलं. त्याचा सीईटीला उपयोग झाला, इतकंच.

तो तुम्हाला पापाबद्दल विचारत नाहीये असं मला वाटतं. कमी मार्क घेऊन घरी गेलो तर काय होईल, हे विचारतोय. त्याचं उत्तर दाजींकडे आहे. माझ्या वेळी आजोबा मध्ये पडले होते. पप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, पोराला आधी जेवू दे, मग पेपर बघ.

निवृत्त_पाळक

सलाम मावशी. वरच्या तरुणाने माझं अर्धं काम केलं.

आज्ञांचं आधी सांगतो. मुलाने प्रश्न चांगला विचारला आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा त्याला परत वाचायला सांगा. उत्तरपत्रिका ही एक साक्षच असते: मला एवढं येतं, असं मी लिहून देतो. पण या साक्षीत फसतो कोण? क्लासला पैसे मिळालेच आहेत. फसतात आईवडील आणि तो स्वतः. हे त्यालाच शोधू द्या, तुम्ही सांगू नका.

राहिलं कसं बोलायचं ते. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं. नंतर सरोवराच्या काठी येशू भेटला तेव्हा 'का नाकारलंस' असं त्याने विचारलं नाही. निखाऱ्यावर मासे आणि भाकर तयार होती, आधी न्याहारी झाली. प्रश्न त्यानंतर आला, आणि तोही प्रेमाचा. योहानाचा एकविसावा अध्याय. दाजींबरोबर वाचायला जमलं तर बघा, मुलाबरोबर नंतर वाचा.

ताईला सांगावं, पण मुलाच्या पाठीमागे नाही. त्याला म्हणा, मी सांगणार आहे, तू बरोबर बसतोस की मी एकटी बोलू? दोन्हीपैकी एक त्याने निवडायचं. तिसरा पर्याय ठेवू नका.

रमाबाईंचं म्हणाल तर, त्या कामाला त्यांची कित्येक वर्षं गेली आणि छापील बायबल 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आलं. तरुण संघात कुणी परत तुलना केली तर हे ऐकवा.

येरवड्याची_आई

पाळकसाहेबांचं पटलं. मी जरा जोरात बोलले, पण 'आजच्या आज' मागे घेत नाही.

वडगावशेरीची_मावशी

काल रात्री त्याला फोन केला. पाळकसाहेब, तुमचेच शब्द वापरले, दोन पर्याय दिले. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू बोल, पण मी घरात असताना. आतल्या खोलीत बसतो." हे नेमकं कुठल्या पर्यायात बसतं कळलं नाही, मी हो म्हटलं.

शनिवारी ताई-दाजींना जेवायला बोलावलंय. दाजींसाठी खडूफळा सरांचं 45 टक्क्यांचं गणित कागदावर लिहून ठेवलंय, त्यांना आकडा दिसल्याशिवाय ऐकू येत नाही. 41 चं आधी सांगावं की जेवणानंतर, यावर घरात दोन मतं आहेत. मी जेवणानंतरच्या बाजूची.

ग्रुपचं विचारलं. आत गेलेला नाही, पण ग्रुपमध्ये घेणारा माणूसही अजून ब्लॉक केलेला नाही. तो मेसेज करतच असतो, आता म्हणे नाताळची सूट आहे.

शेवटचा प्रश्न. वडगाव शेरी-चंदननगर भागात ऑरगॅनिक केमिस्ट्री एकेकट्याला शिकवणारं कुणी माहीत आहे का? क्लास नको, माणूस हवा. मूल 19 वर आहे हे ऐकून तोंड वाकडं न करणारा.

खडूफळा

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. जर्नल घेऊन यायला सांगा.