पुण्याहून एकट्याने सायकलवर कोकण किनारा : अनुभव लिहा

दिवाळी उलटली की चांदणी चौकातून भल्या पहाटे पिरंगुटकडे निघणाऱ्या सायकली वाढतात. त्यातल्या बऱ्याच मुळशीला चहा पिऊन परत फिरतात. काही मात्र कॅरियरला पिशव्या बांधून ताम्हिणी उतरतात आणि थेट समुद्र गाठतात. हा धागा त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यातही जे एकटे गेले त्यांच्यासाठी. गटाने केलेल्या मोहिमांबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं. एकट्या माणसाला तो रस्ता कसा दिसतो, कुठे अडवतो, कोण हाक मारून थांबवतं, हे फारसं कुणी लिहीत नाही.

रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग नकाशावर किनाऱ्याला चिकटलेला दिसतो, त्यामुळे तो सपाट असेल असं वाटतं. तसा तो नाही. गाव खाली, माडा-पोफळींच्या आगरात. गावाबाहेर पडलं की लगेच चढ, वर जांभ्याचा उघडा सडा (सपाट खडकाळ माळ), मग तीव्र उतार आणि पुन्हा गाव. दोन-चार गावं झाली की आडवी खाडी. दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या ठिकाणी फेरीबोटीने पलीकडे जायचं. जयगडच्या दक्षिणेला बहुतेक खाड्यांवर पूल आहेत, पण खाडीसाठी खाली उतरणं आणि पलीकडे वर चढणं काही चुकत नाही.

म्हणून एकच आग्रह. दिवसाला किती किलोमीटर मारले हे लिहिलं नाही तरी चालेल. कुठला चढ कुठल्या वेळी लागला, कुठल्या जेटीवर किती थांबावं लागलं, रात्री कुणाकडे राहिलात, हे लिहा, आणि वर नावाऐवजी पुण्यातला आपला भाग टाका. कोकणातला सायकलवरचा दिवस खाड्यांवरून आखावा लागतो, आणि नव्याने निघणाऱ्याला हेच कुणी सांगत नाही.

कोथरूड

मी ताम्हिणी-माणगाव-म्हसळा-बोर्ली पंचतन असा दिवेआगरला उतरलो. ताम्हिणीबद्दल सगळ्यांना माहीत आहे. मला लिहायचंय ते दिवेआगर ते श्रीवर्धन या वीसेक किलोमीटरबद्दल.

दिवेआगरहून थेट श्रीवर्धनला जाणारा आतला रस्ता आहे, तो घेऊ नका. शेखाडी, कोंडिवली, आरावीकडून जा. बराच रस्ता अक्षरशः समुद्राच्या काठाने जातो. खाली काळे खडक, त्यांच्या कपारीत लाट घुसते तेव्हा आधी पोकळ दणका ऐकू येतो आणि मग पाणी वर उडतं. दुचाकीवर हा दणका इंजिनाच्या आवाजात हरवतो, सायकलवर नीट ऐकू येतो. मध्येच रस्ता खडकाला वळसा घालून वर चढतो आणि तिथून मागचा सगळा किनारा दिसतो. त्या चढावर मी उतरून उभा राहिलो. दम लागला होता हे खरं, पण थांबलो ते बघण्यासाठी.

दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे रस्त्याच्या पलीकडे असतो. काठालगत चालवायची असेल तर श्रीवर्धनहून दिवेआगरकडे या. मी दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम उलटा शेखाडीपर्यंत येऊन परत गेलो.

वाटेतल्या वाड्यांमध्ये अजून ३ जून २०२० बद्दल बोलतात. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी या पट्ट्यात शिरलं आणि वर्षानुवर्षांच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचं झाड लावल्यापासून नीट उत्पन्न यायला काही वर्षं जातात. ज्यांच्याकडे मी पाणी मागायला थांबलो त्या काकांनी हातातलं काम सोडून मला त्यांची वाडी दाखवली. कुठली झाडं जुनी, कुठली वादळानंतरची, एकेका झाडाला हात लावून सांगत होते. बरोबर चार जण असते तर मी त्या वाडीत अर्धा तास थांबलो नसतो.

श्रीवर्धन हे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव. पुणेकराने तिथे घटकाभर थांबावंच. भट मंडळी ज्या वाटांनी घाट चढून देशावर आली, त्याच मुलखातून आपण खाली उतरून आलेलो असतो.

सहकारनगर

बायकांपैकी कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून आधी मी लिहिते.

हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून फेरीने वेसवी, बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले असा माझा मार्ग होता. घरच्यांची भीती रस्त्याबद्दल होती. रस्त्यावर मला काहीही त्रास झाला नाही. अडचण आली ती मुक्कामाची. एका गावात आधी फोनवर हो म्हटलेल्या ठिकाणी मी एकटी आहे हे बघितल्यावर "एकट्या बाईला खोली देत नाही" असं तोंडावर सांगितलं. सहा वाजून गेलेले, पुढे सडा आणि अंधार. एकट्या पुरुषाला हेच कुणी सांगत नाही. हा अन्याय आहे आणि तो अन्याय आहे असं म्हटलं पाहिजे.

समोरच्या किराणा दुकानातल्या मावशींनी ते ऐकलं. "एकटीच आलीस गो बाय? बस आधी," म्हणाल्या. पाणी दिलं, दोन-तीन फोन फिरवले, आणि अर्ध्या तासात मी त्यांच्या जावेच्या पडवीत चटईवर बसून कुळथाचं पिठलं आणि गरम भात खात होते. सायकल त्यांनी ओटीवर घेतली, बाहेर ठेवूच दिली नाही. सकाळी निघताना पैसे घ्यायला तयार नव्हत्या. घरातल्या मुलीच्या हातात ठेवले तेव्हा नाइलाजाने घेतले.

त्यानंतर मी एक रीत ठरवून टाकली. जिथे कुटुंब त्याच घरात राहतं अशीच जागा घ्यायची, फोनवर घरातल्या बाईशी बोलायचं आणि "मी एकटी येतेय, सायकलवर" हे पहिल्या वाक्यात सांगायचं. वेळासला तर हे फार सोपं आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात त्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, गावातल्या घराघरांत पाहुण्यांची सोय असते आणि कारभार बायकांच्या हातात असतो. जेवण मात्र सगळीकडे आधी सांगावं लागतं. आयत्या वेळी पोचून ताट मिळेल असं धरू नका. भाकरी थापायला आणि नारळ खवायला वेळ लागतो.

एक गोष्ट रस्त्याबद्दलही. आडे-पाडले-आंजर्ले हा तुकडा कुणीही चुकवू नये. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचा चढ सायकलवरून चढायचा की खाली सायकल लावून पायी जायचं, हे ज्याने त्याने आपापल्या गुडघ्यांना विचारून ठरवावं.

कर्वेनगर

माझं वय साठीच्या पुढे आहे, हे आधी सांगतो, म्हणजे तरुणांना धीर येईल आणि माझ्या वयाच्या लोकांना हुरूप.

हर्णै, मुरूड, कर्दे हा पट्टा मी सकाळी वाळूवरून केला. ओहोटीच्या वेळी ओली वाळू इतकी घट्ट असते की चाक रुतत नाही. पण ओहोटी कधी, हे कळायला मोबाइल लागत नाही. हर्णैच्या बंदरावर जाळं विणत बसलेल्या एका तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) मला हिशेब शिकवला. आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. पंचमीला पावणेचार. मिनिटांचा फरक पडतो, पण सायकलवाल्याला एवढं पुरे. वाळूवरून आलात तर मुक्कामी पोचल्याबरोबर गोड्या पाण्याने चेन धुऊन, पुसून, तेल घाला. जेवण नंतर.

मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. मी राहतो त्या भागाला त्यांचंच नाव आहे, त्यामुळे तिथे जाणं मला गरजेचं वाटत होतं. कर्वे तरुणपणी सहावीच्या परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला पायी गेले होते, कुंभार्ली घाटातून. तिथे पोचल्यावर वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. मी परत येताना म्हणून मुद्दाम तोच घाट धरला. दापोली, खेड, चिपळूण आणि मग कुंभार्ली. पोफळीपासून जो चढ सुरू होतो तो संपता संपत नाही. अवजड गाड्या बाजूने घरघरत जातात, डिझेलचा धूर तोंडावर येतो, आणि सर्वांत हलक्या गिअरवरही पाय भरून येतात. डांबर नसताना, अनवाणी किंवा साध्या वहाणांत, निकालाची खात्री नसताना हा डोंगर एक मुलगा चढला होता, हे डोक्यातून जात नव्हतं. वर पोचल्यावर मी पाटणकडे लगेच निघालो नाही. बराच वेळ खालचं चिपळूण बघत बसलो.

हडपसर

मी सायकली दुरुस्त करतो आणि चालवतोही. थोडक्यात लिहितो.

कोकणच्या उतारांवर ब्रेक जास्त महत्त्वाचे. रिम ब्रेक असतील तर निघण्याआधी नवीन रबर टाका आणि एक जोडी जवळ ठेवा. उतारावर सतत दाबून धरू नका, दाबा-सोडा करा. रिम तापते. मागच्या चाकाच्या कॅसेटमध्ये (दातेरी चकत्यांच्या संचात) सर्वांत मोठी चकती ३४ दातांची असेल तर सामानासकट चढता येईल. पातळ टायर नकोत, ३५ मिमी तरी असू द्या, कारण सड्यावर डांबर संपून तांबडी खडी कधी सुरू होईल सांगता येत नाही. दोन ट्यूब, पंप, चेनची जोडकडी आणि आपल्या सायकलीचा गिअर हँगर (मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, ज्यावर बसतो तो तुकडा) हे सोबत हवंच. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि छोट्या गावात तो कुणाकडेच नसतो. साधं पंक्चर मात्र कुठेही निघतं.

फेरीबोटीचा उतरता धक्का ओला आणि शेवाळलेला असतो. तिथे सायकलवर बसून जाऊ नका. गाड्या चढू द्या, मग हातात धरून चालत जा.

औंध

माझी वाट पुढची. जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, पावस, मग पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ला. आरे-वारेचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. तो उतार फोटोंपेक्षा सुंदर आहे. गाड्यांची गर्दी मात्र सुट्टीच्या दिवशी फार, म्हणून मधल्या वारी जा. मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आहे, तेही बघा.

मला सांगायचंय वाऱ्याबद्दल. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते इथे पायांना कळले. सकाळी जमिनीकडून हलका वारा, दुपारनंतर समुद्राकडून जोराचा. आणि हा दुपारचा वारा हिवाळ्यात बऱ्याचदा वायव्येकडून येतो. म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या तो पाठीशी असतो. वेंगुर्ल्याहून वर येणारा एक जण मला विजयदुर्गाच्या अलीकडे भेटला, तो दुपारभर वाऱ्याशी झुंजत होता. पुण्याहून निघून गोव्याकडे जाणं यासाठीही बरं.

देवगडच्या सड्यावर सावली नाही. आंब्याच्या कलमांच्या बागा आहेत, पण त्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आत. सकाळी अकरा ते तीन तिथे चालवू नका, आणि पाण्याच्या किमान तीन बाटल्या भरून घ्या. अशाच एका दुपारी गडग्याआडून आवाज आला, "खंयसून इलात?" पुणे म्हटल्यावर आत बोलावलं, कलमाखाली खाट टाकून दिली आणि उन्हं उतरेपर्यंत सोडलं नाही. कोकम सरबताचे किती पेले झाले ते मोजले नाहीत.

परत येताना वेंगुर्ल्याहून पुण्याच्या रात्रीच्या खाजगी गाडीच्या डिकीत सायकल आली. पुढचं चाक काढा, डिरेलर वरच्या बाजूला येईल अशी आडवी ठेवा, आणि भाडं चढण्याआधी ठरवा.

धनकवडी

मी कॉलेजला आहे. माझ्याकडे बिनगिअरची साधी सायकल आहे आणि जानेवारीत चार दिवस सुट्टी आहे. ताम्हिणीने जाऊ की भोरवरून वरंधने? आणि या सायकलवर जमेल का?

धागाकर्ता

जमेल. ताम्हिणीनेच जा. वरंधचा रस्ता लांब आहे, वळणं तीव्र आहेत आणि मधे वस्ती विरळ. मुळशी धरणाच्या कडेने रस्ता खालीवर करत जातो, बिनगिअरच्या सायकलवर जिथे जड होईल तिथे सरळ उतरून ढकल. उताराला दोन्ही ब्रेक तपासून लाग. पहिल्या दिवशी समुद्र गाठायचा हट्ट करू नकोस, माणगावला राहा. माणगाव-म्हसळा रस्त्यावरही चढ आहेत, ते सकाळी ताज्या पायांनी कर. मग दिवेआगर, कोथरूडकरांनी लिहिलेला शेखाडीचा रस्ता आणि श्रीवर्धन, एवढंच ठेव. परतीला श्रीवर्धनहून पुण्याची एसटी आहे. सायकल टपावर जाईल का आणि लगेज किती, हे आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन विचार. टपावर बांधायला सुती दोरी घरून घेऊन जा. निघायची तारीख ठरली की इथे कळव, त्या दिवसांत कुणी त्या बाजूला असेल तर श्रीवर्धनच्या मुक्कामाचं घर सुचवेल.