मदत हवी आहे : पाळी गेल्यानंतरचं हार्मोन जेल कुणी वापरतंय का?

मैत्रिणींनो, मी सांगलीची, विश्रामबागेत राहते. वय ५१, पाळी जाऊन वर्ष उलटलं. रात्री अंगातून अशा वाफा निघतात की गाऊन ओलाचिंब होतो, झोप तर उडालीच आहे. मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी इस्ट्रोजेनचं जेल दिलंय, रोज दंडाला चोळायचं. गर्भपिशवी आहे म्हणून रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूलही. नुसत्या इस्ट्रोजेननं पिशवीचं अस्तर जाड होतं आणि कॅन्सरचा धोका वाढतो, हे त्यांनी नीट समजावलं. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांपेक्षा जेलनं रक्ताच्या गाठींचा धोका कमी, म्हणून जेल. सासूबाई म्हणतात, सगळ्याच बायका सोसतात. मला नाही पटत, उपाय असताना का सोसायचं?

माझी खरी काळजी नातीची. दीड वर्षाची आहे, दिवसभर माझ्या कडेवर. जेल लावलेली जागा लहान मुलांच्या अंगाला लागू द्यायची नाही, असं सांगितलंय. घरात लहान मूल असलेल्या तुम्ही ते कधी लावता? ती झोपल्यावर लावून, वाळू देऊन लांब बाह्यांचा गाऊन घातला तर चालतं का? इथल्या एप्रिल-मेच्या घामात काय करता? वाफा कमी व्हायला किती आठवडे लागले? आणि सांगली-मिरजेच्या मेडिकलमध्ये ते लगेच मिळतं का, की आधी सांगून मागवावं लागतं? स्वतः वापरलेल्यांनी कृपया सांगा.