उतार ३ टक्के, बांध घातला तरी माती जातेच, काय चुकतंय?

कोरडवाहू_पुसद: नमस्कार मंडळी. पाच एकर मध्यम काळी जमीन, लांबी 200 मीटर, रुंदी 100. दोन भावांची उभी वाटणी, म्हणून दोन्ही पट्टे उताराच्या दिशेने. सोयाबीन-तूर, पेरणी उताराला उभी. जेसीबीने मधोमध एक आडवा धुरा (बांध) घातला, तो पहिल्या मोठ्या पावसात खालच्या कोपऱ्यात फुटला. सुरुवात कुठून करायची?

तिफण: भाऊ, आधी पेरणी आडवी करा. उभ्या तासात (पेरणीच्या ओळीत) प्रत्येक तास म्हणजे पाण्याला आयती वाट. पट्टा 50 मीटर रुंद असला तरी आडवं पेरता येतं. वळणं वाढतात आणि ट्रॅक्टरवाला कुरकुरतो, एवढंच. पीक 30-35 दिवसांचं झालं की दर चार तासांनंतर डवऱ्याला (कोळप्याला) दोरी गुंडाळून सरी पाडा. यंदा एवढं जरी केलंत तरी फरक दिसेल.

माती_पाणी: एका धुऱ्यावर वरच्या 100 मीटरचं पाणी अडवलंत, तो फुटणारच. 3 टक्के उताराला दोन बांधांत साधारण 30 मीटर अंतर लागतं. काळ्या जमिनीत बांध अगदी समपातळीत घालू नका: पाणी मुरत नाही, मागे साचतं, पीक पिवळं पडतं आणि भेगांतून बांध फुटतो. ढाळीचा, म्हणजे एका बाजूला किंचित उतार दिलेला बांध घाला, 100 मीटरला 20 सेंमी ढाळ. आखणी गवंड्याच्या पाणी भरलेल्या लेव्हल नळीने होते, दर 10 मीटरला 2 सेंमी खाली. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळी आखणी चुकते, तो आधी काढा.

पाया 2.1 मीटर, माथा 30 सेंमी, उंची 60 सेंमी. माती बसते म्हणून घालताना उंची 75 ठेवा. 15-15 सेंमीचे थर देऊन प्रत्येक थर चोपा. जेसीबीची सैल ढेकळं तशीच राहिली की आतून पाणी वाट काढतं, तुमच्याकडे बहुधा हेही झालंय.

कोरडवाहू_पुसद: धन्यवाद दादा. पण ढाळीचं पाणी भावाच्या पट्ट्यात उतरेल, त्याची हरकत आहे.

माती_पाणी: हरकत रास्त आहे. म्हणून आखणी दोन्ही पट्टे एक धरूनच करा, वाटणीची रेघ कागदावर राहू द्या. सगळ्या बांधांची टोकं कडेच्या एकाच चरात सोडायची. त्या चरात आधी गवत धरू द्या, मगच बांधाचं पाणी सोडा. उघड्या मातीत सोडलं तर दोन वर्षांत घळ पडते. तो चर दोघांच्या मालकीचा, जागा निम्मी-निम्मी. खाली नाल्यात उतरतो तिथे दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) करा.

तिफण: बांधाखाली जवळपास 7 टक्के जमीन जाते, हे भावाला आधीच सांगा. बांधावर मारवेल गवत लावा, चारा निघतो. वाळा लावणार असाल तर ठोंब 10-15 सेंमीवर, जून-जुलैत. पहिल्या वर्षी बांधावर गुरं सोडू नका.

कोरडवाहू_पुसद: भावाला घेऊन रविवारी नळी लावतो.